निरोगी हिरड्या

"कळव्याच्या मिठागरांवरच्या बायकांच्या हिरड्या पुरुषांपेक्षा इतक्या निरोगी कशा?" गावचा शाळामास्तर म्हणून मी केलेल्या हिरड्यांच्या पाहणीबद्दल सत्तावन्न साली मुंबईच्या आरोग्य कचेरीने असं विचारलं होतं. त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. मग गावात दातांचा डॉक्टर आला, तो फक्त पुरुषांसाठी.

एक दिवस मिठागरावर राबणारी तुळसा गाल सुजलेल्या अवस्थेत दारात उभी राहिली.

"मास्तर, बायांना काय रोग नाय, असं तुमीच लिवलंय म्हनं." तिने पदर दूर करून तोंड उघडलं. "आता तरी बगा."

तेव्हाही मी मान खालीच घातली.

त्याच संध्याकाळी उत्तर टपालात टाकलं: "साहेब, बायकांना पदर दूर करा म्हणायचा मला धीर झाला नाही. 'निरोगी' हा शेरा मी न पाहताच लिहिला आहे."