एकाच जहाजाची माणसं

“बोटाला थुंकी लावायची नाही हं, मावशी,” दप्तर सांभाळणाऱ्या ऑटलीबाई म्हणाल्या. “ही पानं तुमच्यामाझ्यापेक्षा म्हातारी आहेत.”

दुलारीने ओठांपर्यंत गेलेलं बोट मुकाट्याने मांडीवर ठेवलं. शेजारी बसलेल्या नातीने, रोशनीने, हसू दाबलं.

पोर्ट ऑफ स्पेनच्या दप्तरखान्यात गार वारा सोडलेला होता. टेबलावरच्या उशीवर जहाजाची वही उघडी पडली होती. उसाच्या मळ्यांसाठी कलकत्त्याहून मजूर घेऊन आलेलं ‘मेरवीन’. वहीत नाव, बापाचं नाव, वय, गाव, अंगावरची खूण, शेवटी सोबतचे नातलग. आडवी ओळ म्हणजे एक माणूस.

रविवारी जेवताना विषय निघाला, तेव्हा दुलारीचा मुलगा बसदेव याने ताट बाजूला सारलं होतं.

“हरपॉलांच्या घरात? त्यांचा आजा लछमन आणि आपली झुनियाआजी एका जहाजातून उतरले, हे गावातलं कुत्रंसुद्धा सांगेल. जहाजी म्हणजे भाऊबहीण. भाऊबहिणीच्या वंशात लग्न लावायचं?”

“बाबा, शंभर वर्षं होऊन गेली त्याला!” रोशनी रडकुंडीला आली होती.

“हजार होऊ देत. आणि जहाज सोड, लोक काय म्हणतील ते वेगळंच.”

दुलारी दालपुरी वाढत होती. सगळ्यांना वाढून झाल्यावर ती म्हणाली, “कागद बघू. जहाज एक निघालं तर हा विषय या घरात पुन्हा निघणार नाही. निराळं निघालं तर तू तोंड उघडायचं नाहीस.”

“कबूल,” बसदेव म्हणाला. त्याला खात्रीच होती.

आणि आता ती इथे बसली होती.

रोशनीचा फोन थरथरला. ती खिडकीशी जाऊन हलक्या आवाजात बोलली. “बघतोय अजून... नाही, काहीच नाही कळलं... तुम्ही जेवलात का? बरं बरं, सांगते.”

परत आली तेव्हा दुलारीने वहीवरून नजर न काढता विचारलं, “काय म्हणतोय?”

“घास उतरत नाही म्हणे.”

“खुळाच आहे.”

“आजी, तू तरी सकाळपासून कुठे काय खाल्लंस?”

ऑटलीबाईंची पट्टी एका ओळीखाली थांबली. “झुनिया,” त्यांनी वाचलं. “बापाचं नाव भिखारी. वय एकोणीस. डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग.”

दुलारीने आपल्याच मनगटाला हात लावला.

“तो डाग मी चाचपलाय गं,” ती म्हणाली. “तिच्या कुशीत झोपायचे मी लहानपणी. झोप येईपर्यंत त्यावरून बोट फिरवायचे. गुळगुळीत होता, चिंचोक्यासारखा.”

समुद्र ओलांडून आलेला, मातीत जाऊन माती झालेला हात. आणि तो इथे, कुणा साहेबाच्या वळणदार शाईत, अजून तसाच भाजलेला.

“एकोणीस,” रोशनी पुटपुटली. “माझ्याहून लहान. सोबत कोण होतं?”

ऑटलीबाईंनी शेवटचा रकाना दाखवला. तो कोरा होता.

“कुणीच नाही?”

“कुणीच नाही, पोरी.”

दुलारीचे हात आपोआप जोडले गेले. एवढं पाणी, आणि एकटी पोर.

मग ऑटलीबाई पानं उलटत गेल्या. प्रत्येक पानाला दुलारी श्वास धरायची आणि पान संपलं की सोडायची. ‘मेरवीन’ संपलं. त्यात दोन लछमन होते. एक पाळण्यातलं मूल, दुसरा वाटेतच वारलेला. हरपॉलांच्या आज्याचं गाव आणि बापाचं नाव रोशनीने कागदावर लिहून आणलं होतं, ते दोघांशीही जुळेना. ऑटलीबाईंनी पुढच्या वर्षाची वही काढली. तिथे, ‘क्लाइडसाइड’ नावाच्या जहाजावर, तो सापडला. गाव तेच, बापाचं नाव तेच. त्याचाही शेवटचा रकाना कोरा.

“निराळं जहाज!” रोशनीने आजीला मिठी मारली. “आजी, निराळं! पण मग भाऊबहीण म्हणून का राहिले जन्मभर? राखी बांधायची ना ती त्याला?”

दुलारीने त्या दोन कोऱ्या रकान्यांकडे बोट दाखवलं.

“उसाच्या मळ्यावरची बराक म्हणजे काय, तुला नाही कळायचं. एका भिंतीला दहा बिऱ्हाडं. एकट्या बाईने एकट्या पुरुषाला भाकरी वाढली तर लोकांनी जगू दिलं असतं तिला? माझ्या जहाजाचा आहे म्हणाली असेल. सगळ्यांची तोंडं बंद.”

“म्हणजे थाप मारली?”

“मारली गं बाई. पोरगा उपाशी होता म्हणून मारली. आणि आपण त्या थापेला हळदकुंकू वाहत बसलो.”

संध्याकाळी बसदेव ओसरीवर झोपाळ्यात पडला होता. रोशनीने नकलेचे दोन्ही कागद त्याच्या हातात दिले. त्याने चष्मा लावला. एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं. झुनियाच्या ओळीवर त्याची नजर अडकून राहिली.

“एकटीच आली होती?” त्याने विचारलं.

“एकटीच,” दुलारी म्हणाली.

त्याने कागद नीट घडी करून छातीच्या खिशात ठेवले. फाटकाशी हरपॉलांची जुनी गाडी येऊन थांबली होती. कुणी उतरत मात्र नव्हतं.

“बोलाव आत,” तो रोशनीला म्हणाला. “पंडितजींना मी उद्या विचारतो. दिवाळीआधी मुहूर्त असेल एखादा.”

रोशनी नाचतच फाटकाकडे पळाली.

बसदेव झोपाळ्यातून उठला, सदरा सारखा केला, आणि दुलारीच्या कानाशी वाकला.

“एक मात्र आधीच सांगून ठेवतो, आई. पन्नाशी उलटलीय माझी. तुझ्या या होणाऱ्या नवऱ्याला या वयात मी बाबा म्हणणार नाही.”