वळणावरची फटफट

कुपवाडच्या कारखान्यातून भाऊसो जुन्या मोटरसायकलवरून घरी यायचे. वळणावर तिची फटफट ऐकली की बायको भाकरी तव्यावर टाकायची. हातपाय धुऊन ते ताटावर बसेपर्यंत भाकरी टम्म फुगलेली असायची. "किक नको, धूर न्हाई, आवाज न्हाई," म्हणत पोरानं बॅटरीची स्कूटर आणली. "आवाजाबिगर गाडी कसली रं?" भाऊसो कुरकुरले. पण गुडघा दुखायचा. जुनी गाडी वरच्या आळीतल्या दूधवाल्यानं विकत नेली. आज ते पहिल्यांदाच स्कूटरवरून आले. कुणाला कळलंच नाही. चपला काढून ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. बायको पाठमोरी भाकरी थापत होती. हाक मारणार, इतक्यात वळणावर तीच फटफट ऐकू आली. "आलं वाटतं," ती स्वतःशीच म्हणाली. लगबगीनं तिनं भाकरी तव्यावर टाकली. फटफट दारावरून पुढं गेली. तिचा हात थबकला. दारातल्या भाऊसोंना 'आलोय' म्हणवेना.