झेनोनची शपथ

मिरच्यांचा धूर मनोऱ्यात वर चढला तशी सोतेराने ओलं फडकं बाळाच्या नाकातोंडावर धरलं. बाळ आता रडत नव्हतं. त्याचीच तिला जास्त धास्ती वाटत होती.

चर्चच्या त्या मनोऱ्यात एकवीस जीव कोंडले होते. सरकारच्या बाजूचे सतरा गावरक्षक, तीन बायका आणि हे तान्हं. आदल्या सकाळी स्पेनच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या डॉन कार्लोसचे लाल टोपीवाले आरिस्मेंदी गावात शिरले, तेव्हा या सगळ्यांनी पळत येऊन मनोरा गाठला आणि खालचा लाकडी जिना स्वतःच्या हातांनी तोडून टाकला. आता पाणी संपलं होतं. काडतुसं बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. लाल टोपीवाले गवताच्या पेंढ्या पेटवून त्यावर वाळक्या मिरच्यांच्या माळा टाकत होते. रॉकेलची गाडी यायची होती. ती आली की धुरी थांबणार आणि आग लागणार.

"काय मास्तर, आज शाळा वरच भरवलीत का?" खालून कोणीतरी ओरडलं. "या की खाली. पोरं खोळंबलीत."

आवाज न्हाव्याचा होता. पंधरा दिवसांपूर्वीच त्याने सोतेराच्या नवऱ्याची, गावरक्षकांचा पुढारी झालेल्या ब्लास मास्तरची, दाढी केली होती. शरण जाऊ या, असं म्हणायची कोणाचीच छाती नव्हती. गेल्या महिन्यात नदीकाठच्या गावातले लोक लाल टोपीवाल्यांच्या शब्दावर विसंबून शरण गेले होते. त्यांना भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या. त्यात ब्लासचा भाऊ होता.

तेवढ्यात चौकातून एक म्हातारा एकटाच चालत आला. डोक्यावर लाल टोपी, काठीला पांढरं फडकं. वरच्या एकाने बंदूक रोखली.

"नको," सोतेरा म्हणाली. "माझे बाबा आहेत ते."

झेनोन गवंडी बासष्टाव्या वर्षी देवासाठी आणि राजासाठी बंदूक घेऊन निघाला होता. मुलीने सरकारी मास्तराशी लग्न केलं त्या दिवसापासून त्याने तिचं नाव घेणं सोडलं होतं. नातवंडाचं तोंडही पाहिलं नव्हतं. पण झेनोन उपाशी मरेल, खोटं बोलणार नाही, हे गावात शत्रूही मान्य करत. बांधाच्या भांडणात स्वतःविरुद्ध साक्ष देऊन तो स्वतःचाच खटला हरला होता.

त्यांनी वर ओढून ठेवलेली शिडी खाली सोडली. खोकत खोकत म्हातारा वर आला.

"आमच्या कर्नलने शब्द दिलाय," तो ब्लासला म्हणाला. "हत्यारं इथेच टाकायची. सगळ्यांना नदीपलीकडे सोडणार."

"माझ्या भावालाही शब्दच दिला होता."

"तो मी आणला नव्हता."

सोतेराने गळ्यातला क्रूस काढून पुढे केला.

"बाबा, यावर हात ठेवून सांगा."

झेनोनने लगेच हात ठेवला नाही. आधी बाळाकडे पाहिलं. मग क्रूसावर हात ठेवला. "देवाशपथ, दिलाय."

ते उतरले. झेनोन सर्वांत पुढे. एका हातात बाळ घेऊन सोतेराला शिडी उतरता येईना, तेव्हा खालून न्हाव्याने हात वर करून बाळ घेतलं. "दे इकडे, पडशील." चौकात बंदुका होत्या, पण कोणी झाडली नाही. एकाने तर पायाने निखारे विझवायला सुरुवात केली. कर्नलचाच हुकूम आहे, असं खालच्या लाल टोपीवाल्यांनाही वाटलं होतं.

मग पुलाकडून रॉकेलची गाडी आली. गाडीच्या पुढे घोड्यावर कर्नल.

"यांना कोणी उतरवलं?"

सोतेराने बापाकडे पाहिलं.

"मी," झेनोन म्हणाला. "तुम्ही शब्द दिलाय, असं सांगितलं."

"मी कोणालाही शब्द दिलेला नाही."

"नाही दिला."

"भिंतीला लावा सगळ्यांना," कर्नल म्हणाला. "याला पहिला."

झेनोन स्वतःच जाऊन भिंतीशी उभा राहिला. टोपी काढून त्याने पायाशी ठेवली. ब्लासने सोतेराचा हात इतका घट्ट धरला की तिला दुखलं. ज्यांनी गोळ्या घालायच्या होत्या त्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. न्हाव्याची बंदूक खांद्यावर होती, आणि हातात बाळ.

"साहेब," तो चाचरत म्हणाला, "हे कुठे ठेवू?"

कर्नलने रांगेवरून नजर फिरवली. एकही बंदूक वर गेली नव्हती.

"चालते व्हा," शेवटी तो म्हणाला. "नदीपलीकडे. आणि म्हाताऱ्या, तूही."

पुढे लढाई संपली, डॉन कार्लोस परागंदा झाला, सोतेरा आणि ब्लास बापाला घेऊन गावी परतले. झेनोन दर रविवारी चर्चला जाई, पण मागच्या बाकावर बसे आणि प्रसादाच्या रांगेत कधी उभा राहत नसे. का, ते त्याने सांगितलं नाही. अकरा वर्षांनी तो अंथरुणाला खिळला, तेव्हा फादर घरी आले. सोतेरा दाराआड उभी राहिली. बापाचा आवाज लहान मुलासारखा घाबरलेला होता. नरकात फार भाजतं का, असं तो विचारत होता.

"क्रूसावर हात ठेवून खोटं बोललास, झेनोन," फादर समजुतीने म्हणाले. "पस्तावलोय, एवढं म्हण. या घटकेला क्षमा करतो."

"म्हणावंसं तर फार वाटतं, फादर," झेनोन म्हणाला. "पण ते दुसरं खोटं होईल."