पायरीवरची धूळ

वारा पडला तशी घड्याळजींनी दाराच्या फटींतली ओली फडकी उपसली, घसा खाकरला आणि भांडायच्या तयारीनं दार उघडलं. बघतात तर काय, पायरीवर ढीगच नाही!

असं कधी झालं नव्हतं. इथल्या वाऱ्याला धरबंद नाही. सुटला की भरदिवसा अंधार करतो. लोक फटी बुजवून आत बसतात आणि थांबला की आपापलं दार झाडतात. शेजारच्या शिवणबाई मात्र आपली धूळ घड्याळजींच्या पायरीवर आणून ओतायच्या. दर वादळाला! मग घड्याळजी तणतणत बाहेर यायचे. "बाई, माझं दार म्हणजे उकिरडा वाटला का?" बाई कंबरेवर हात ठेवून म्हणायच्या, "वारा काय मी सोडला?" की झालीच जुंपायला सुरुवात. बायको गेली, घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद झालं, त्यानंतर घड्याळजी मोठ्यानं बोलायचे ते एवढंच.

"चला, खोड मोडली एकदाची," असं पुटपुटत ते आत गेले. चहा टाकला. तो काही घशाखाली उतरेना. काही वर्षांपूर्वी असंच वादळ झालं होतं, तेव्हा कोपऱ्यावरचे मास्तर बंद दाराआड एकटेच गेले. वास सुटेपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. कप तसाच ठेवून घड्याळजी अनवाणीच निघाले.

बाईंचं दार मागच्या बोळात होतं. इतक्या वर्षांत ते तिकडे फिरकलेच नव्हते, भांडण नेहमी आपल्या पायरीवर व्हायचं.

"बाई! अहो बाई!" त्यांनी दार बडवलं. आत चाहूल नाही. पुन्हा बडवलं. अखेर कडी निघाली. बाईंचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता.

"केवढ्यानं ओरडता! हात मोडलाय माझा, कान शाबूत आहेत."

घड्याळजी मटकन पायरीवर बसले. मग त्यांचं लक्ष गेलं. पायरी लखलखीत होती. समोर गोदामाची उंच भिंत. वाऱ्याला इथं शिरायला वावच नव्हता.

"बाई, तुमच्याकडे तर धूळ येतच नाही!"

"नाहीच येत."

"मग माझ्या दारात..."

"रस्त्यावरून घमेल्यात भरून आणायचे," बाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. "मास्तर गेले तेव्हापासून. तुम्ही तणतणत बाहेर आलात की जिवात जीव यायचा."

घड्याळजींचे डोळे भरून आले. मग ते उठले आणि दाराशी पालथं घातलेलं घमेलं त्यांनी उचललं.

"ते कुठं नेताय?"

"रस्त्यावर. हात बरा होईपर्यंत तुमच्या दारात मी ओततो, तुम्ही फक्त भांडायला बाहेर या."