मधुकरचा रोडगा

"मधुकरचा रोडगा बाजूले काढला काय?" अण्णाजींनी बायकोला पुन्हा विचारलं.

"काढला न जी." सीताबाईचं लक्ष डांबरी रस्त्याकडे होतं. "हिंगणघाटची बस आज लय उशीर करून राह्यली."

"तुले बसशी काय करा लागते? आपण त बैलबंडीनं आलो!"

अल्लीपूरच्या शिवेवर निंबाखाली मारोतीचं ठाणं आहे. थंडी पडली की अण्णाजी आणि त्यांचा जिवाभावाचा दोस्त मधुकर तिथं कणकेचे जाड रोडगे करायचे. अण्णाजींनी गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजायचे, वांग्याची भाजी रांधायची आणि मधुकरनं पहिला घास घेऊन म्हणायचं, "मीठ कमी हाये." भाजी खारट झाली तरी तेच! मुलखाचा खोडसाळ माणूस.

त्याचं शेवटचं बोलणंही तेच. भरल्या पंगतीत म्हणाला, "मीठ कमी हाये." त्याच दुपारी अण्णाजींनी विहिरीवर जाऊन त्याच्या नावानं आंघोळ केली.

मधुकर गेल्यापासून त्यांनी एकही साल चुकवलं नव्हतं. पळसाच्या पानावर त्याचा रोडगा, भाजी, वर तुपाची धार. पान मारोतीच्या पायरीवर ठेवायचं, हात जोडायचे आणि मागं न पाहता चुलीकडे परतायचं. मग ते कावळा खावो की कुत्रं.

"गुडघे लय दुखून राह्यले," अण्णाजी म्हणाले. "पुढच्या साली येणं होते का नाई, कोणाले माहीत. एकदा त्याची कटकट आयकाले भेटली असती, त जीव थंडा झाला असता."

"एवढा जीव होता, त कधी बोलले काऊन नाई त्याले?"

"राहून गेलं न." त्यांनी दुपट्ट्यानं डोळे पुसले. "धूर लय हाये इथं."

सीताबाई भाजी ढवळता ढवळता थांबली. "अजी, मिठाचा डबा घरीच राह्यला."

अण्णाजी आधी चिडले, मग खो खो हसले. "राहू दे! आता बोलणारा कुठं हाये?"

रस्त्यावर बस थांबली, भोंगा वाजवून पुढं गेली. सीताबाईनं चटकन पदर डोक्यावर घेतला.

अण्णाजींनी पान पायरीवर ठेवलं, हात जोडले. "खाय बाप्पा," असं पुटपुटून ते चुलीकडे आले. आज मन हलकं वाटत होतं.

मागं पान वाजलं. रोडग्याचा कुरकुरीत तुकडा मोडला.

"कुत्रं आलं वाटते," ते म्हणाले.

सीताबाई पदर तोंडाला लावून हसत होती.

"अजूनही कमीच हाये," मागून आवाज आला. "पण अण्ण्या, तेवढ्यासाठी जित्या माणसाच्या नावानं आंघोळ करते का रे कोणी?"