नव्या कोडचं पहिलं उत्तर

कळंबच्या घरी बसून निकिता बंगळूरच्या कंपनीचा मेनफ्रेम सांभाळायची. त्या एका यंत्रात अनेक आभासी संगणक चालत. मुख्य प्रणालीकडून काही हवं असलं, की ते ठरावीक कोडने हाक मारत. आज निकिताने स्वतःचा नवा कोड बनवला होता. तो चालला तर घरूनच काम, नाहीतर सोमवारपासून बंगळूर, अशी तिथल्या साहेबांची अट होती. निकाल कळेपर्यंत वडील बलभीमतात्या आडतीच्या दुकानावर गेलेच नव्हते. तिने कोड पाठवला. प्रणालीने नाकारला. “झालं का गं?” “न्हाय, तात्या.” फोनवर साहेबही ऐकत होते. तिने पडदा पुन्हा नीट वाचला आणि हसली. “दुकान मांडलं, शटरच उघडलं न्हाय!” नवा कोड आज्ञा देऊन सुरू करायचा राहिला होता. तो सुरू करून पाठवताच पडद्यावर तिनेच ठरवलेलं उत्तर आलं: ‘व्हय’. “ये व्हय क्या है?” साहेबांनी विचारलं. तात्याच ओरडले, “मंजे हमारी पोरगी इधरीच रहेगी, सायेब!”