एक्केचाळीस नंबरचं कार्ड

"बाबा, एक्केचाळीस नंबरचं कार्ड तुम्ही फाडलंत का?"

प्रश्न मैत्रिणींचा होता. मधल्या सुट्टीत त्यांनी पैज लावली होती की भाषणात एवढं बक्षीस मिळवलंस ना, मग हे घरी विचारून दाखव. तिनं दाखवलं. महिन्यापूर्वीपर्यंत वर्गात हजेरी देतानाही जिचा आवाज फुटत नव्हता, तिला आता सगळे भोंगा म्हणत. भोंग्यानं कच खाऊन कसं चालेल?

आईच्या हातातली ताटली ओट्यावर जरा जोरातच टेकली. बाबांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

"नाही," ते म्हणाले. "मी ते लिहिलं होतं. कुठे गेलं, माहीत नाही."

आठवडाभर ते एवढंच सांगत होते. घरात, ऑफिसात, फोनवर.

बाबा सरकारी बांधकाम खात्यात इंजिनियर. तिच्याच शाळेची नवी इमारत उभी राहत होती आणि कामाचा दर्जा सांभाळणं त्यांच्याकडे होतं. इमारत वगैरे काही नसते, असतात ती छोटी छोटी कामं, असं त्यांचं म्हणणं. शाळेचे त्यांनी असे त्रेसष्ट कामांत तुकडे पाडले होते. प्रत्येकाचं एक पिवळं कार्ड. वर लाल शाईत ठसठशीत नंबर आणि खाली तीन ओळी: काम सुरू होण्याआधी काय बघायचं, सुरू होताना काय, झाल्यावर काय.

उद्याची कार्डं ते आदल्या दिवशीच जेवणाच्या टेबलावर पालथी मांडून ठेवत, पत्त्यांचा डाव लावावा तशी. सकाळी एकेक उलटायचं, वाचायचं, खिशात टाकायचं. खिशात कार्ड असेल तेच काम बघायचं. डोकं दगा देतं, कार्ड देत नाही. आई म्हणायची, माझं एक कार्ड करून ठेवा, नाहीतर कुठल्यातरी लग्नात विसरून याल मला.

एक्केचाळीस म्हणजे जिन्याच्या लँडिंगची, मधल्या सपाट टप्प्याची सळई. काँक्रीट ओतण्याआधी मोजायची. ती कुणी मोजलीच नाही. काँक्रीटखालच्या फळ्या काढल्या तर लँडिंगला बोट जाईल एवढा तडा, आणि आत सळई निम्मीच. बाबांच्या गठ्ठ्यात चाळीसनंतर थेट बेचाळीस.

खात्यात सगळे एकच बोलत होते: यानं ठेकेदारासाठी डोळे मिटले आणि कार्ड फाडून टाकलं. उद्या दहा वाजता चौकशी होती. सिद्ध झालं तर नोकरी जाणार. आणि त्या जिन्यावरून तिचाच वर्ग वर जाणार होता.

"मी बादलीत तुकडे बघितले होते," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "कचऱ्याच्या. पिवळे."

"शाई सांडली की फाडतो मी. नवीन लिहितो."

"आणि ठेकेदारकाका घरी आले होते ते?"

"सिमेंट परत पाठवलं म्हणून भांडायला आला होता तो."

उत्तरं सरळ होती. पण बाबा तिच्याकडे बघत नव्हते. ते बघत होते भिंतीवरच्या फोटोकडे.

फोटो वक्तृत्व स्पर्धेतला. तिचा एक हात वर, दुसऱ्या हातात भाषणाची पिवळी कार्डं, आणि तोंड इतकं उघडं की दाढा मोजाव्यात. येणारा-जाणारा त्या तोंडालाच हसायचा. बाबांनी स्वतः फ्रेम करून आणला होता.

"त्या दिवशी अर्धी रजा काढलीत, तिथेच गोंधळ झाला," आई म्हणाली. "आयुष्यात कधी रजा काढली नाहीत. आणि दुसऱ्याच दिवशी लँडिंग ओतलं."

"काय सांगू तिथे? पोरीचं भाषण ऐकायला गेलो होतो म्हणून?"

आईनं पुन्हा कपाट उघडलं, आठवड्यात पाचव्यांदा, आणि रद्दी उपसायला लागली. बाबा सोफ्याच्या गाद्या उचलून बघत होते. साठीला आलेल्या माणसासारखे वाकले होते ते, आणि अजून पन्नासही नव्हते.

तिला तो दिवस आठवला. काय धांदल! बाबांनी दिलेल्या सात कोऱ्या कार्डांत भाषण मावलं नव्हतं आणि शेवटच्या चार ओळी उरल्या होत्या. बस सुटेल म्हणून आई दारातून ओरडत होती. त्या ओळी तिनं इथेच, टेबलापाशी उभ्यानं खरडल्या होत्या. आणि टाळ्या पडल्या त्या त्याच चार ओळींना.

ती फोटोजवळ गेली. इतकी जवळ, की काच तिच्या श्वासानं धुरकट झाली. बाहीनं तिनं ती पुसली. मग परत पुसली, फोटोतल्या हातातल्या शेवटच्या कार्डापाशी.

उद्या वर्गात काय होईल, ते तिला आत्ताच ऐकू येत होतं. भोंगा, भोंगा, आणि मग हशा.

ती आत गेली, दप्तर घेऊन आली आणि मांडीवर धरून बसली.

"आई, बाबा, मी ठरवलंय. उद्या चौकशीला मी येणार."

"शाळा बुडवून?" बाबा म्हणाले. "तुझं काय काम तिथे?"

"बोलायचंय मला. साहेबांसमोर."

आईच्या हातातली रद्दी तशीच राहिली. "बापाविरुद्ध बोलणार आहेस?"

तिनं फोटो खुंटीवरून काढून टेबलावर ठेवला. दप्तरातून आठ पिवळी कार्डं काढली आणि शेवटचं त्याच्याशेजारी ठेवलं, स्वतःचं अक्षर खाली करून.

"एक्केचाळीस नंबर फाडलेलं नाही, हे सांगणार आहे. त्याच्या पाठीवर माझ्या भाषणाचा शेवट आहे."